डाव्या अंगाला आलेला चेंडू

"डाव्या अंगाला चेंडू आला की इकडून डोळे मिटणं होतं," मथुरा म्हणाली.

मी रॅकेट खाली केली. धुळ्याच्या आमच्या भाड्याच्या घराच्या परसात आम्ही दोघं उभे होतो. ती विहिरीच्या बाजूला, मी तुळशीच्या बाजूला, आणि मध्ये दोन खुंटांना बांधलेली तिची जुनी चंद्रकळा, जाळ्याऐवजी. त्या काळी बायका नवऱ्याला 'तुम्ही' म्हणत नसत. 'इकडून येणं झालं', 'इकडून जेवणं झालं' असं आडून बोलायची रीत होती. ती रीत किती आदबशीर असते हे सगळेच सांगतात. त्याच आदबीने नवऱ्याचा पाणउतारा करता येतो, हे मला मथुरेकडून कळलं.

"डोळे मिटत नाहीत," मी म्हणालो. "तो कोनाचा प्रश्न आहे. चेंडू ज्या कोनात जमिनीवर पडतो त्याच कोनात वर उठतो. मी तो हिशेब करत असतो."

"हिशेब मिटल्या डोळ्यांनी होतो?"

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, पुण्याच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन बाहेर पडलेला, बांधकाम खात्यात असिस्टंट. खानदेशातले रस्ते आणि मोऱ्या माझ्या भरवशावर उभ्या आहेत असं मला वाटे. लॉन टेनिस मी कॉलेजात शिकलो होतो. तिथल्या शेवटच्या सामन्यात मी उपविजेता ठरलो. खेळायला तिघेच होते आणि तिसऱ्याला ताप आला होता, हे मी धुळ्यात कुणाला सांगितलं नव्हतं. मुंबईहून मागवलेली रॅकेट मी कोटासारखी खुंटीला अडकवून ठेवी. तिच्या तारा जनावराच्या आतड्याच्या असतात, हे आईला मात्र कधी कळू दिलं नाही. आई वाईला होती, आणि म्हणूनच परसातला हा खेळ चालू शकत होता.

सुरुवातीला मथुरा चेंडू नुसते वेचून द्यायची. मग हाताने फेकायला लागली. पुढे मी तिला माझी जुनी, एक तार तुटलेली रॅकेट दिली. भिंतीवर मारलेला चेंडू हवा तिथे परत येत नसे, आणि मला समोर काहीतरी हलतं हवं होतं. तिचं वय तेव्हा एकोणीस. कासोटा घट्ट खोचून ती उभी राहिली की मी मारलेला चेंडू बहुतेक वेळा परत यायचा. याचं श्रेय मी माझ्या अचूक मारण्याला देत असे. फाटलेल्या चेंडूंना तीच माझ्या जुन्या बंडीचं फ्लॅनेल शिवायची. शिवताना एकदा म्हणाली, "टाका एका बाजूला जाड झाला की चेंडू त्या बाजूला वळतो." मी म्हणालो, "तसं काही शास्त्रात नाही."

ही गोष्ट १८९५ सालची. त्या जानेवारीत कलेक्टर हार्ग्रीव्हसाहेबांच्या मेमसाहेबांनी बंगल्यामागच्या मैदानावर टूर्नामेंट ठरवली. मैदानाला लॉन म्हणत. गवत नावाला होतं, आणि खेळायची जागा म्हणजे शेणाने सारवलेला मुरूम, खळ्यासारखा, त्यावर चुन्याच्या रेघा. खेळणारे आठ. पाच साहेब, एक पारशी डॉक्टर, एक मिशनचे मास्तर आणि मी. नेटिव्ह अंमलदारांनी आपापल्या कुटुंबांना आणावं, असंही मेमसाहेबांनी कळवलं होतं. बायकांसाठी एका बाजूला कनात आणि पुढे बांबूच्या चिकाचा पडदा लावला होता.

पहिल्या दिवशी कनातीत सात जणी आल्या. कलेक्टर कचेरीचे शिरस्तेदार अण्णासाहेब गंधे यांच्या पत्नीही होत्या. उघड्या दंडांच्या मडमा आणि त्यांचं ते मोठमोठ्याने हसणं पाहून त्या तासाभरात उठल्या. दुसऱ्या दिवशी तीनच आल्या. तिसऱ्या दिवशी मथुरा एकटी होती, आणि सोबतीला मुलींच्या शाळेच्या हेडमास्तरीण सालोमीबाई. त्या ख्रिस्ती, मूळच्या नगरच्या, इंग्रजी आणि मराठी दोन्ही चांगलं बोलणाऱ्या. मेमसाहेब मधूनमधून कनातीत जाऊन बसत आणि सालोमीबाई दुभाषाचं काम करत.

पहिल्या दिवशी मी पारशी डॉक्टरांना हरवलं. ते पन्नाशीचे होते आणि दोन चेंडूंच्या मध्ये खुर्चीवर बसून घेत. घरी आल्यावर मी मथुरेला माझा खेळ वर्णन करून सांगितला, तिने पाहिलेला असूनही. तिने ताट वाढलं आणि म्हणाली, "उद्या पोलिसांचे साहेब आहेत ना? ते जाळ्यापाशी येऊन उभे राहतात. मागे पळत नाहीत. चेंडू त्यांच्या डोक्यावरून गेला तर काय करतील?"

"डोक्यावरून मारणं हा सभ्य माणसांचा खेळ नव्हे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पहिला सेट मी सभ्यपणे हरलो. मग चेंडू त्यांच्या डोक्यावरून मारायला लागलो. सुपरिंटेंडेंटसाहेब एक वेळ मागे पळाले, दोन वेळा पळाले, तिसऱ्यांदा उभे राहून नुसतं आकाशाकडे बघू लागले. पुढचे दोन्ही सेट माझे. संध्याकाळी मी मथुरेला सांगितलं की आयत्या वेळी मला एक युक्ती सुचली. ती 'बरं' म्हणाली.

मग बराच वेळ ती तांब्या घासत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "उद्याच्या साहेबांचं निराळं आहे."

उद्याचे साहेब म्हणजे असिस्टंट कलेक्टर एल्डन. चोवीस वर्षांचा, उंच, विलायतेत कॉलेजाच्या संघातून खेळलेला. त्याचा चेंडू दिसायच्या आधी ऐकू यायचा.

"काय निराळं?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"जोरात आलेला चेंडू ते आणखी जोरात मारतात. हळू आला तर त्याचं काय करावं हे त्यांना समजत नाही. वाट बघावी लागली की चिडतात. काल डोकीवरची टोपी दोनदा फेकली. इकडून जोर लावणं झालं नाही तर बरं."

"आणि डाव्या अंगाला आला तर?"

हे मी का विचारलं कोण जाणे. तिने वर पाहिलं. "डोळे उघडे ठेवायचे," ती म्हणाली.

शेवटच्या दिवशी मैदानाभोवती निम्मं धुळं जमलं होतं. कचेरीचे कारकून, वकील, शाळेचे मास्तर, बाजारातले व्यापारी. अण्णासाहेब शिरस्तेदार लाल पगडी घालून अगदी पुढे बसले होते. आपल्यातला एक माणूस साहेबाशी समोरासमोर उभा आहे, एवढंच त्यांना दिसत होतं. मी कमरेला उपरणं बांधून मैदानात उतरलो आणि लढाईला निघाल्यासारखा चेहरा केला. लढाईला निघालेल्याचा चेहरा कसा असतो हे मला ठाऊक नव्हतं. मागाहून डॉक्टर म्हणाले की माझी दाढ दुखते आहे असं त्यांना वाटलं होतं.

पहिला सेट मी माझ्या अकलेने खेळलो आणि ६-३ असा हरलो. दुसऱ्या सेटला मी हळू मारायला लागलो. चेंडू जाळ्यावरून कसाबसा पलीकडे जायचा आणि मुरमावर मेल्यासारखा पडायचा. एल्डन धावत यायचा, जोर लावायचा, आणि चेंडू थेट चुन्याच्या रेघेपलीकडे मेमसाहेबांच्या फुलझाडांत. चौथ्या वेळी त्याने टोपी फेकली. मी कनातीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कुणाकडे पाहतो असं लोकांनी विचारलं असतं.

दुसरा सेट ६-४ माझा. तिसऱ्यात ५-५ झाले, मग ६-५ माझे. शेवटच्या गेममध्ये चाळीस-तीस असताना एल्डनने सगळा जोर एकवटून चेंडू मारला, आणि तो आला माझ्या डाव्या अंगाला.

मी डोळे उघडे ठेवले. आयुष्यात पहिल्यांदाच मला त्या बाजूने चेंडू येताना दिसला. चांगला मोठा दिसतो. मी नुसती रॅकेट पुढे धरली. चेंडू जाळ्याच्या वरच्या दोरीला लागला, जरासा थांबला आणि पलीकडे पडला.

लोकांनी जो गलका केला तो मला अजून आठवतो. एल्डन जाळ्यावरून उडी मारून आला आणि त्याने माझा हात हातात घेऊन गदगदा हलवला. माणूस दिलदार होता. अण्णासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

बक्षीस म्हणजे चांदीचा मुलामा दिलेली चहाची किटली. ती हातात घेऊन मेमसाहेब उभ्या राहिल्या. सगळे शांत झाले. त्या इंग्रजीत म्हणाल्या, "मिस्टर घाटपांडे, तीन दिवसांत तुमचा खेळ फार बदलला. तुम्ही घरी सराव कुणाबरोबर करता?"

प्रश्न साधा होता. उत्तरही एका शब्दाचं होतं. मी समोर पाहिलं. अण्णासाहेब, त्यांच्यामागे वकील, त्यांच्यामागे कचेरी. उद्या हेच लोक बाजारात सांगतील की इंजिनिअरची बायको परसात चेंडू उडवते. पत्र वाईला जाईल. हे सगळं मनात आलं हे खरं आहे, आणि इतकी वर्षं मी स्वतःला तेच कारण देत आलो. दुसरंही एक होतं. तो विजय मला एकट्याला हवा होता.

"भिंतीबरोबर, मॅडम," मी म्हणालो. "घराच्या मागच्या भिंतीबरोबर."

लोक हसले. इंग्रजी समजणारे आधी, मग बाकीचे. मेमसाहेब हसल्या नाहीत. त्यांनी क्षणभर वाट पाहिली आणि पुन्हा विचारलं, "फक्त भिंत?"

"फक्त भिंत."

त्यांनी किटली माझ्या हातात दिली आणि त्या बाजूला झाल्या. कनातीत सालोमीबाईंनी ते उत्तर मराठीत सांगितलंच असणार.

घरी येताना मथुरा काही बोलली नाही. त्या दिवशीही नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. मी दोन्ही रॅकेटी घेऊन परसात गेलो आणि तिला हाक मारली. ती सोप्यावर तांदूळ निवडत होती.

"इकडे भिंत आहे ना," ती म्हणाली.

मी भिंतीवर खेळलो. तिसरा चेंडू विहिरीत गेला. तो पोहऱ्याने काढायला मला पाऊण तास लागला आणि तेवढा वेळ ती तांदूळ निवडत राहिली. चंद्रकळा खुंटांवरून काढून, धुऊन, घडी घालून ठेवलेली होती.

ती रुसली असती तर मी समजूत घातली असती. पण घरात रुसवा नव्हताच. वेळेवर पाणी तापत होतं, वेळेवर ताट होतं, विचारलेल्याचं उत्तर मिळत होतं. विचारलं नाही ते मात्र मिळत नव्हतं. आणि तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं की आमच्या घरात जे काही बोलणं चालायचं, ते बहुतेक मी न विचारलेलंच असायचं.

असे आठ दिवस गेल्यावर मुलींच्या शाळेचं छप्पर बघायला जाण्याचा हुकूम आला. दोन वाशे वाळवीने खाल्ले होते. मी शिडीवर चढून ते ठोकून पाहत होतो आणि सालोमीबाई खाली मुलींचं शिवणकाम घेऊन उभ्या होत्या.

"मथुराबाई बऱ्या आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"बऱ्या आहेत."

"त्या दिवशी फार वाईट वाटलं मला. त्यांना तोंडावर तसं सांगायची वेळ माझ्यावर आली."

मी शिडीवरूनच म्हणालो, "बाई, चारचौघांत आपल्या घरातल्या माणसाचं नाव घेणं आमच्यात बरं दिसत नाही. तिला ते ठाऊक आहे."

सालोमीबाईंनी सुई शिवणात टोचून ठेवली. मग म्हणाल्या, "वामनराव, जरा खाली उतरा."

मी उतरलो.

"तो प्रश्न मेमसाहेबांना कुणी विचारायला लावला, तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

"मथुराबाईंनी. खेळ चालू असताना त्या चेंडू कुठे पडणार ते आधीच सांगत होत्या. मेमसाहेबांनी त्यांचा हात हातात घेऊन पाहिला. तळव्याला घट्टे होते. त्यांनी विचारलं, तुम्ही खेळता का? मथुराबाई लाजल्या, मग हो म्हणाल्या. मेमसाहेब म्हणाल्या, दर बुधवारी इथे आम्ही बायकाच खेळतो, तुम्ही या. तेव्हा मथुराबाई काय म्हणाल्या सांगू?"

मला ऐकायचं नव्हतं. बाईंनी तरी सांगितलं.

"म्हणाल्या, घरी विचारून सांगते असं नको. आज जिंकणं झालं तर सगळ्यांदेखत विचारा. आज इकडून आनंदाने सांगितलं जाईल."

मी वाशाकडे पाहत राहिलो. वाळवीने आतून पोखरलेलं लाकूड वरून अगदी धड दिसतं, असं काहीतरी शहाणपणाचं तेव्हा सुचायला हवं होतं. मला एवढंच सुचलं की मेमसाहेबांनी मला दोनदा विचारलं होतं.

"मी आजच जाऊन मेमसाहेबांना खरं सांगतो," मी म्हणालो.

"त्यांना खरं ठाऊकच आहे. त्यांनी हात पाहिला होता." बाईंनी शिवणाचा टाका दाताने तोडला. "ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा."

ज्यांना ठाऊक नाही त्यांनी पुढच्याच मंगळवारी अण्णासाहेबांच्या घरी माझ्यासाठी पानसुपारी ठेवली होती. संध्याकाळी पाच वाजता दिवाणखान्यात चाळीसएक मंडळी बसली. आतल्या दाराशी बायका. मथुराही होती. एका मास्तरांनी माझ्यावर आर्या रचून म्हटल्या. त्यांत मला अर्जुनाच्या बरोबरीला बसवलं होतं आणि यमकासाठी टेनिसचं 'टेनीस' केलं होतं. हारतुरे झाले. मग अण्णासाहेब म्हणाले, "वामनराव, दोन शब्द बोला. या वयात ही कमाई कशी केलीत, ते आमच्या मंडळींना कळू द्या."

मी उठलो. दोन दिवस मनात घोळवलेलं भाषण होतं. त्यात स्त्रीशिक्षण होतं, गार्गी होती, मैत्रेयी होती. उभा राहिल्यावर त्यातलं काहीच आठवलं नाही.

"मी भिंतीबरोबर सराव करतो म्हणालो ते खोटं होतं," मी म्हणालो. "मी घरी माझ्या कुटुंबाबरोबर खेळतो. ती माझ्याहून चांगली खेळते. पोलीससाहेबांना कसं हरवायचं ते तिने सांगितलं. एल्डनसाहेबांना कसं हरवायचं तेही तिनेच. मी नुसतं ऐकलं."

दिवाणखान्यातला अडकित्त्याचा आवाज थांबला. आता काय होईल ते होवो, असं म्हणून मी उभा राहिलो.

मग अण्णासाहेब हसायला लागले. आधी हळू, मग पोट धरून. "वा, वामनराव," ते म्हणाले, "विनय असावा तर असा. अहो, आम्ही सगळेच घरी ऐकून घेतो, पण तुमच्यासारखं उघड कबूल कोण करतो?"

आणि सगळा दिवाणखाना हसला. मास्तर म्हणाले, "आमच्या घरीही तेच, फक्त चेंडूऐवजी लाटणं." पुन्हा हशा. मी दोनदा म्हणालो, "मी खरं सांगतो आहे." प्रत्येक वेळी ते आणखी हसले. तीन दिवस मैदानात घाम गाळून मला जेवढी वाहवा मिळाली नव्हती तेवढी त्या दोन मिनिटांत मिळाली. खोटं सांगितलं ते सगळ्या धुळ्याने मुकाट्याने मानलं होतं, आणि खरं सांगितलं तर मी विनोदी ठरलो. अत्तर, गुलाब आणि दोन विडे घेऊन मी खाली बसलो.

आतल्या दाराशी मात्र कुणी हसलं नव्हतं. गंधेवहिनींचं तोंड मला दिसलं. त्यांना ते खरं वाटलं होतं. बायकांना वाटलं होतं, सगळ्यांना.

दिवेलागणीला आम्ही घरी निघालो. मथुरा रिवाजाप्रमाणे मागे चालत होती. पांझरेच्या काठाने वाट होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "गंधेवहिनींनी येत्या शुक्रवारच्या हळदीकुंकवाचं बोलावणं दिलं होतं. निघताना म्हणाल्या, नाही आलात तरी चालेल."

"मी उद्या अण्णासाहेबांना सांगतो की थट्टा केली," मी म्हणालो. खरंच म्हणालो. इतक्या झटकन म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं.

ती थांबली. मीही थांबलो.

"उद्या बुधवार आहे," ती म्हणाली. "उद्या सवड नसेल इकडे."

दुसऱ्या दिवशी चार वाजता आम्ही कलेक्टरसाहेबांच्या बंगल्याकडे निघालो. मी कचेरीतून लवकर उठून आलो होतो. अंगात लांब कोट, डोक्याला पगडी. मथुरेने हिरवं इरकली लुगडं नेसलं होतं आणि रॅकेट शेल्याखाली धरली होती. अण्णासाहेबांच्या आळीत शिरताना तिने शेला सारखा केला आणि रॅकेट बाहेर काढून हातात घेतली. समोर ओट्यावर अण्णासाहेब बसले होते. मास्तर होते. खिडकीत वहिनी होत्या.

माझी पावलं आपोआप मंदावली. दहा पावलं मागे राहिलं तर आपण निराळ्याच कामाला चाललो आहोत असं दिसेल, असा कोनाचा हिशेब मी केला असणार. मथुरा पुढे गेली. मग तिला कळलं की मागे कुणी नाही. ती भर रस्त्यात, ओट्यासमोरच उभी राहिली आणि वळून पाहू लागली.

"जोड्याची नाडी सुटली," मी खाली वाकत म्हणालो.

पायात पुणेरी जोडा होता. त्याला नाडी नसते. मथुरेने जोड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी बरोबरीला येईपर्यंत ती तिथेच थांबली.